‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे: इंग्रजी भूतकाळ पुन्हापुन्हा चुकतो तेव्हा

“मॅडम, यात चुकलं काय ते सांगा. मराठीत तर मी असंच बोलते.” असं म्हणून माझ्या वर्गातल्या एका मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला. परदेशातल्या एका विद्यापीठाला तिने मेल पाठवला होता: “आय हॅड सेन्ट माय डॉक्युमेन्ट्स ऑन मन्डे. आय हॅड कॉल्ड ऑल्सो. बट आय डिड नॉट गॉट एनी रिप्लाय.”

ती खरंच मराठीत असंच बोलते. “मी सोमवारी कागद पाठवले होते, फोनही केला होता, पण काही उत्तर मिळालं नाही.” या मराठीत नाव ठेवायला जागा नाही. हीच वाक्यं शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेली, की तिन्ही बिघडतात.

संध्याकाळच्या वर्गात मी नोकरी करणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. त्यांना नियम येत नाहीत असं नाही. गो, वेन्ट, गॉन ही तिन्ही रूपं झोपेतून उठवून विचारली तरी सांगतील. तरीही मेल लिहायला बसले की तीच चूक परत होते, आणि मग ती मुलं स्वतःलाच दोष देतात, “माझं व्याकरणच कच्चं” म्हणतात. मला ते ऐकवत नाही. कारण ही चूक इंग्रजी कच्चं असल्यामुळे होत नाही. मराठी पक्कं आहे आणि दोन्हींच्या मध्ये एक चुकीची पाटी लावलेली आहे, म्हणून होते.

पाटी कुठे चुकली

मराठी व्याकरणात ‘मी गेलो होतो’ याला आपण पूर्ण भूतकाळ म्हणतो. इंग्रजीच्या गाइडमध्ये ‘आय हॅड गॉन’च्या डोक्यावरही ‘पूर्ण भूतकाळ’ असंच छापलेलं असतं. नाव एक, म्हणजे कामही एक, असं विद्यार्थ्याने धरलं तर त्याचं काय चुकलं? महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीपासून असायचं. माझ्याकडे दोन्ही पिढ्यांची माणसं येतात आणि दोघांच्याही डोक्यात तोच तक्ता असतो: गेलो म्हणजे वेन्ट, गेलो आहे म्हणजे हॅव गॉन, गेलो होतो म्हणजे हॅड गॉन. तीन ओळी, तीन जोड्या. यातली तिसरी जोडी सगळ्यात जास्त घात करते.

मराठीतला ‘गेलो होतो’ काय सांगतो ते आपल्याच कानांनी ऐकून पाहा. “काल पुण्याला गेलो” असं कुणी म्हणालं तर आपण पुढचं ऐकायला थांबतो, गोष्ट अजून चालू आहे. “काल पुण्याला गेलो होतो” म्हणालं की कळतं, माणूस जाऊन आला, विषय मिटला. म्हणजे आपला ‘होतो’ पुष्कळदा एवढंच सांगतो की ते झालं आणि आता ती अवस्था उरलेली नाही. त्याला दुसऱ्या कुठल्या घटनेची गरज नसते.

इंग्रजी ‘हॅड’ला मात्र टांगायला खुंटी लागते. भूतकाळात आधीच एक घटना ठोकलेली असते आणि तिच्याही आधीचं काही सांगायचं असतं, तेव्हाच ‘हॅड’ येतो. “आय हॅड सेन्ट माय डॉक्युमेन्ट्स ऑन मन्डे” हे सुटं वाक्य वाचणारा मनात विचारतो, कशाच्या आधी? पुढच्या वाक्यात तरी खुंटी मिळेल म्हणून तो वाट पाहतो, तर तिथे आणखी एक ‘हॅड’. वाक्य कळतं, पण वाचणाऱ्याचा पाय अडखळतो. आपल्याकडच्या ऑफिसांत हे चालून जातं, कारण वाचणाराही आपल्यासारखाच विचार करतो. आयेल्ट्स या इंग्रजीच्या चाचणीच्या लेखी आणि तोंडी परीक्षेत मात्र चार निकषांवर गुण देतात आणि त्यातला एक अख्खा निकष व्याकरणाचा आहे. तिथे हा ‘हॅड’ दर चार ओळींनी दिसला तर महाग पडतो.

तिच्या मेलची दुरुस्ती म्हणून अगदी साधी आहे: “आय सेन्ट माय डॉक्युमेन्ट्स ऑन मन्डे. आय ऑल्सो कॉल्ड. आय हॅवन्ट हॅड अ रिप्लाय यट.” पहिल्या दोन वाक्यांत दुसरं रूप, बास. तिसऱ्याकडे पुढे येते.

एका ‘होतो’ची चार भाषांतरं

नियम सांगून हे उतरत नाही, म्हणून वर्गात मी एक परिच्छेद फळ्यावर लिहिते:

“रविवारी आम्ही आळंदीला गेलो होतो. पोचलो तेव्हा दर्शनाची रांग पार इंद्रायणीच्या घाटापर्यंत गेली होती. बाबा एका पायरीवर बसले होते. आईने हिरवी साडी नेसली होती. इतकी गर्दी तिने याआधी कधी पाहिली नव्हती.”

पाच वाक्यं, पाचही ‘होतो’ची. वर्गातले जवळजवळ सगळे पाच ‘हॅड’ लिहितात. खरं तर दोनच लागतात.

पहिलं वाक्य: “ऑन सन्डे वी वेन्ट टु आळंदी.” जाऊन आलो, दिवस ठरलेला, खुंटी नाही. ‘हॅड’ नको.

दुसरं वाक्य: “व्हेन वी अराइव्ह्ड, द क्यू हॅड ऑलरेडी गॉट अ‍ॅज फार अ‍ॅज द घाट.” इथे खुंटी आहे. आम्ही पोचलो ही ती खुंटी, आणि रांग त्याआधीच वाढलेली. इथे ‘हॅड’ हक्काने येतो. याच वाक्यातला ‘गेली होती’ आणि पहिल्यातला ‘गेलो होतो’ मराठीत अगदी सारखे दिसतात. म्हणून रूपाकडे बघून चालत नाही, खुंटी शोधावी लागते.

तिसरं वाक्य लोकांना सगळ्यात जास्त चकवतं. “बाबा हॅड सॅट ऑन अ स्टेप” असं लिहितात. पण बाबा बसले ही घटना आपल्याला सांगायचीच नाही. आपण पाहिलं तेव्हा ते बसलेल्या अवस्थेत होते, चित्र तेवढंच आहे. इंग्रजीत ते चित्र ‘वॉज’ने काढतात: “बाबा वॉज सिटिंग ऑन अ स्टेप.” बसला होता, झोपला होता, भिंतीला टेकला होता, हात धरला होता, ही सगळी मराठीत पूर्ण रूपं आहेत आणि इंग्रजीत चालू रूपं: वॉज सिटिंग, वॉज स्लीपिंग, वॉज लीनिंग, वॉज होल्डिंग.

चौथ्याचंही तेच. “शी हॅड वोर्न अ ग्रीन सारी” हे लग्नाच्या फोटोंखाली मी इतक्या वेळा वाचलं आहे की आता डोळे आपोआप तिथे थांबतात. मराठीत नेसणं ही क्रिया आणि नेसलेलं असणं ही अवस्था, दोन्ही आपण ‘नेसली होती’मध्ये बसवतो. इंग्रजीत “शी वॉज वेअरिंग अ ग्रीन सारी.” चष्मा लावला होता, टोपी घातली होती, चपला घातल्या होत्या, सगळ्यांना ‘वॉज वेअरिंग’. “हॅड वोर्न” कुठे बसेल? “ती साडी तिने त्याआधी एकदाच नेसली होती” इथे. खुंटी परत आली.

पाचवं: “शी हॅड नेव्हर सीन सच अ क्राउड बिफोर.” त्या रविवारपर्यंतचा सगळा काळ मोजला, रविवार ही खुंटी. ‘हॅड’ बरोबर.

थोडक्यात, ‘होतो’ दिसला की मी मुलांना तीन प्रश्न विचारायला लावते. तिथे चित्र आहे का, म्हणजे कुणी बसलेलं, नेसलेलं, धरलेलं? मग ‘वॉज’. भूतकाळातली दुसरी घटना खुंटी म्हणून दिसते का, आणि आपलं वाक्य तिच्या आधीचं आहे का? मग ‘हॅड’. दोन्ही नाही? मग साधं दुसरं रूप, आणि निम्म्याहून जास्त वेळा हेच निघतं.

चौथं भाषांतर वेगळ्या ‘होतो’चं आहे, म्हणून शेवटी ठेवलं. “लहानपणी आम्ही नदीवर पोहायला जात होतो.” हा रोजचा परिपाठ आहे, ‘जायचो’सारखा. “वी वेअर गोइंग टु स्विम” लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, कुठल्या तरी एका दिवशी निघालो होतो आणि वाटेत काहीतरी झालं. परिपाठाला “वी यूज्ड टु गो” म्हणा. जायचो, खायचो, भांडायचो, प्रत्येक ‘-चो’ला ‘यूज्ड टु’ बिनदिक्कत लावता येतं. ही जोडी मात्र तक्त्यात घालायला हरकत नाही.

‘भरलंय’ आणि कालची तारीख

दुसरं वारंवार येणारं दुखणं ‘आहे’चं. “बिल परवाच भरलंय.” “त्याला मी काल सांगितलंय.” मराठीत ‘परवा’ आणि ‘आहे’ एका वाक्यात सुखाने नांदतात. इंग्रजीत नांदत नाहीत. “आय हॅव पेड द बिल लास्ट वीक” हे चूक, कारण ‘हॅव’ आजच्या दारात उभा असतो. तो सांगतो की या क्षणी माझ्या हाती काय आहे. बिल भरलेलं आहे, पावती हातात आहे. ‘लास्ट वीक’ म्हटलं की वाक्य मागे जाऊन एका दिवसाला बांधलं गेलं. दोन्हींपैकी एकच निवडा. तारीख महत्त्वाची असेल तर “आय पेड द बिल लास्ट वीक.” भरलंय एवढंच कळवायचं असेल तर “आय हॅव पेड द बिल”, आणि तारीख गाळा.

यस्टरडे, लास्ट मन्थ, इन २०१९, टू डेज अगो, आणि प्रश्नातला ‘व्हेन’ यांच्या शेजारी ‘हॅव’ कधीही बसवू नका. “व्हेन हॅव यू कम?” हा प्रश्न आपल्याकडे पाहुण्याला प्रेमाने विचारला जातो, पण तो “व्हेन डिड यू कम?” असा हवा. ‘धिस मॉर्निंग’चं मजेशीर आहे. सकाळी अकराला तुम्ही “आय हॅव हॅड थ्री कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग” म्हणू शकता, सकाळ अजून संपलेली नाही. दुपारी चारला तेच “आय हॅड थ्री कप्स” होतं. तिच्या मेलमधलं तिसरं वाक्य म्हणूनच ‘हॅवन्ट’ने दुरुस्त केलं, उत्तराची वाट ती अजून पाहते आहे.

बातम्या ऐकताना हे स्पष्ट दिसतं. पहिलं वाक्य येतं, “द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड.” ही ताजी खबर, आजच्या दारात उभी. पुढचं लगेच, “ही हँडेड इन हिज लेटर ऑन ट्यूझडे.” वार आला, ‘हॅज’ गेला. आठवडाभर इंग्रजी बातम्यांची फक्त पहिली दोन वाक्यं कान देऊन ऐका, ही जोडी सारखी सापडेल.

एक गोष्ट लक्षात घेतली तर ‘हॅव’ आपल्याला का परका वाटतो ते कळतं. मराठीत ‘हॅव’ असं क्रियापदच नाही. माझ्याकडे आहे, मला आहे, माझा आहे, सगळा कारभार ‘असणे’वर चालतो. म्हणून ‘गेलो होतो’ला काही जण थेट “आय वॉज वेन्ट” करतात. आपण त्यावर हसू नये. त्यांनी गेलोला वेन्ट आणि होतोला वॉज असा प्रामाणिक हिशोब केलेला असतो. जुन्या इंग्रजीतही जाण्या-येण्याच्या क्रियापदांना ‘असणे’च लागायचं आणि “ही इज गॉन” या रूपात ती खूण अजून शिल्लक आहे. पण आज ‘वॉज’नंतर दुसरं रूप येत नाही, एवढं पक्कं धरा.

आणि ‘गॉन’ व ‘बीन’ यांतला फरक इथेच शिकून घ्या, कारण तो मराठी माणसाला जन्मतः येतो. “तो पुण्याला गेलाय”, अजून तिकडेच आहे: “ही हॅज गॉन टु पुणे.” “तो पुण्याला जाऊन आलाय”: “ही हॅज बीन टु पुणे.” समोर उभं राहून “आय हॅव गॉन टु पुणे” कुणी म्हणत नाही, पुण्याला गेलेला माणूस समोर कसा असेल?

वर्षं मोजताना

“मी दहा वर्षांपासून इथे राहतोय.” मराठीत वर्तमानकाळ, म्हणून “आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स” असं चुकीचं म्हटलं जातं. बरोबर: “आय हॅव लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स”, किंवा “हॅव बीन लिव्हिंग”. ‘सिन्स’नंतर सुरुवातीचा बिंदू, जसं ‘सिन्स २०१५’. ‘फॉर’नंतर मोजलेला काळ.

इथे चूक सुधारायला जाऊन लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि साधा भूतकाळ वापरतात. ते जास्त धोक्याचं. मुलाखतीत “आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स” म्हणालात तर समोरचा समजतो की नोकरी सुटली. “वी वेअर मॅरीड फॉर ट्वेन्टी इयर्स” म्हणणाऱ्या माणसाकडे लोक सहानुभूतीने पाहतात, कारण याचा अर्थ संसार आता उरला नाही. माझ्या वर्गातल्या एका काकांनी हे वाक्य पत्नी शेजारी बसलेली असताना म्हटलं आणि मी समजावल्यावर ते खरोखर व्याकूळ झाले. “वी हॅव बीन मॅरीड फॉर ट्वेन्टी इयर्स” हे वाक्य त्यांनी त्या दिवशी वहीत तीनदा लिहिलं.

‘डिड’ने ओझं उचललं की क्रियापद मोकळं

“आय डिड नॉट गॉट.” हेही मराठीतूनच येतं. ‘गेलो नाही’, ‘मिळालं नाही’, ‘गेलास का?’ या सगळ्यांत आपलं मुख्य क्रियापद भूतकाळातच राहतं, नकार आणि प्रश्न बाजूला येऊन बसतात. इंग्रजीत ‘डिड’ भूतकाळाचं ओझं स्वतः उचलतो, मग क्रियापद पहिल्या रूपात परत येतं: डिड नॉट गेट, डिड नॉट गो, डिड यू सी. मराठीतही असं होतं, फक्त आपण तिकडे बघत नाही. ‘जाऊ दिलं’, ‘करून टाकलं’, यांत भूतकाळ ‘दिलं’ आणि ‘टाकलं’ने घेतला, ‘जाऊ’ आणि ‘करून’ जागचे हलले नाहीत. ‘डिड’ला ‘दिलं’सारखं समजा.

मराठीत भूतकाळ, इंग्रजीत वर्तमान

भूक लागली. दमलो. समजलं. ही रूपं भूतकाळाची, पण गोष्ट आत्ताची. “आय फेल्ट हंग्री” म्हटलं तर जेवून झालेला माणूस बोलतोय असं वाटतं. “आय अ‍ॅम हंग्री”, “आय अ‍ॅम टायर्ड”, “आय अन्डरस्टँड”. आईने हाक मारली की आपण जागेवरून न उठता “आलो, आलो!” म्हणतो, ते तर चक्क पुढचं आहे: “कमिंग!” दारात चपला घालत “निघालो मी” म्हणणारा अजून घरातच असतो: “आय अ‍ॅम लीव्हिंग.” मराठी भूतकाळ किती लांबपर्यंत हात पोचवतो याचं मला दर वेळी नवल वाटतं. भाषांतर करताना क्रियापदाचा शेवट बघण्याआधी घड्याळ बघा.

तरीही ‘हॅड’ सुटत नसेल तर

सगळ्या चुकांवर एकदम हल्ला करू नका. पंधरा दिवस फक्त ‘हॅड’ धरा. मेल लिहून झाला की पाठवण्याआधी त्यातले सगळे ‘हॅड’ शोधा आणि प्रत्येकाला विचारा, तुझी खुंटी कुठे? खुंटी त्याच वाक्यात किंवा आधीच्या वाक्यात दाखवता आली नाही तर ‘हॅड’ पुसा आणि दुसरं रूप लिहा. “आय हॅड अ मीटिंग”मधला ‘हॅड’ वेगळा, तो स्वतःच मुख्य क्रियापद आहे, त्याला हात लावू नका. ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ वाक्यात असेल तर क्रम आधीच कळतो, त्यामुळे “आफ्टर ही लेफ्ट” आणि “आफ्टर ही हॅड लेफ्ट” दोन्ही चालतात. तिथे डोकं शिणवायचं कारण नाही.

एक जागा अशी आहे जिथे खुंटी नसतानाही ‘हॅड’ लागतो, आणि नेमका तिथे आपण तो विसरतो. “मला माहीत असतं तर मी आलो असतो.” दोन्हीकडे ‘असतं’, म्हणून दोन्हीकडे ‘वुड’ घालून “इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम” असं लिहिलं जातं. ‘तर’च्या अलीकडे ‘हॅड’, पलीकडे ‘वुड हॅव’: “इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.”

माणसाचं बोलणं दुसऱ्याला सांगताना मराठी काळ बदलत नाही, “तो म्हणाला, मी येतो.” इंग्रजीत ‘सेड’ भूतकाळात गेला की पुढचंही एक पायरी मागे सरकतं: “ही सेड ही वुड कम.” आणि बोललेलंच मुळात भूतकाळातलं असेल, “तो म्हणाला, मी पैसे दिले”, तर ‘सेड’ हीच खुंटी झाली: “ही सेड ही हॅड पेड.”

त्या मुलीने विद्यापीठाला दुसरा मेल माझ्यासमोर बसून लिहिला. “आय हॅड” टाइप केलं, बोट थांबलं, स्वतःशीच “कशाच्या आधी?” असं पुटपुटली आणि ‘हॅड’ची तीन अक्षरं मागे घेतली.